आठ लाल बुश

स्प्रिंगा काढून झाल्या होत्या, शॉकअप एका टोकाने सोडून दिले होते, आणि जुन्या शेव्हेल गाडीचा मागचा ॲक्सल आता केवळ चार आर्मच्या, म्हणजे लोखंडी दांड्यांच्या आधाराने लोंबत होता. लेनर्ड ह्राबोव्स्कीने डाव्या चाकाच्या अंगाला जॅक लावला आणि हात मारायला सुरुवात केली. ॲक्सलचे डावे टोक अंगठ्याच्या रुंदीइतके वर आले आणि अडले. त्याने आणखी दोन हात मारले. आता ॲक्सल हललाच नाही. लोखंडी घोड्यांवर टेकलेली सबंध गाडीच मागच्या बाजूने उचलली जाऊ लागली.

त्याने जॅक उतरवला, उजव्या अंगाला लावला. पुन्हा तेच.

निरोगी ॲक्सल एका टोकाला उचलला की तराजूच्या दांडीसारखा दुसऱ्या टोकाला झुकतो. वळणावर गाडी कलते तेव्हा त्याने नेमके एवढेच करायचे असते. या जातीच्या जुन्या गाडीत त्याला चार आर्म धरून असतात, खालचे दोन सरळ आणि वरचे दोन तिरपे. आणि तिरपे आर्म त्याला झुकू देतात ते केवळ त्यांच्या टोकांच्या सांध्यांत बसवलेले नळीसारखे बुश थोडे पिळवटून घेतात म्हणून. कारखान्याने तिथे रबर घातले होते. दोन वर्षांपूर्वी त्या आठही टोकांतून रबराची हकालपट्टी होऊन टणक प्लॅस्टिकचे लाल बुश बसले. आठही ठिकाणी जखडलेला ॲक्सल सोसतो तोवर सोसतो. मग मागची दोन्ही चाके एकाच क्षणी, कसलीही पूर्वसूचना न देता, रस्ता सोडतात.

हे लेनर्डने टॅमरॅक गावच्या शाळेत मोटारदुरुस्तीचा शिक्षक म्हणून एकतीस वर्षे शिकवले होते. ‘स्प्रिंगा चढवण्याआधी ॲक्सल हलवून पाहा’ हे त्याचे वाक्य शाळेपासून त्याला ‘मिस्टर एच’ म्हणणारे गावातले निम्मे पुरुष आजही त्याच्या आवाजाची नक्कल करून म्हणत. डेल स्टकीच्या या गाडीला लाल बुश लेनर्डनेच सुचवले होते, लेनर्डनेच बसवले होते. हलवून मात्र पाहिले नव्हते.

मे महिन्यात डेल आणि त्याची बायको आर्लीन दगडखाणीच्या वळणावरून येत होते. वेग रीतसर मर्यादेत होता. “गाडी छान चालली होती, आणि एकाएकी मागचा भाग आमच्या पुढे गेला,” असे डेलने जबानीत सांगितले. या वाक्यात सगळे कारण होते. परंतु त्यापुढचेच वाक्य “चूक माझी, हात गेले माझे” असे असल्यामुळे आधीचे कोणी वाचले नाही. कबुली देणाऱ्या माणसाची चौकशी करण्याचा त्रास जगात कोणीच घेत नाही. पोलिसाने ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ असे लिहिले. आर्लीनचे खुब्याचे हाड तीन ठिकाणी मोडले. एकसष्ट वर्षांच्या डेलने किल्ल्या खुंटीला लावल्या त्या लावल्या. त्यानंतर त्याने साधे गवत कापण्याचे यंत्रही चालवले नाही.

गाडी तीन महिने लेनर्डच्या गराजमागे ताडपत्रीखाली पडून होती. ती पुन्हा उभी करा, असा निरोप आर्लीननेच धाडला होता. “पूर्वी होती अगदी तशीच करा, मिस्टर एच. तिच्यात बसल्याशिवाय हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही.”

पूर्वी होती अगदी तशीच! लेनर्ड गाडीखालून बाहेर आला आणि त्याने हात पुसले. नवे भाग निवडायचे होते. रबर निवडणे म्हणजे डेलच्या अपघाताचे कारण स्वतःच्या तोंडाने सांगणे; लाल बुश निवडणे म्हणजे तोच अपघात पुन्हा मागवणे. तिसरा पर्याय कोणत्याही कॅटलॉगात नव्हता.

तो दिवस मंगळवारचा.

शनिवारी सकाळी ‘वाचन’ होते. टॅमरॅकच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात रीतच तशी होती: कोणाची गाडी खोलली गेली की नाक्यावरच्या डायनरमध्ये सर्वांसमक्ष कॅटलॉग मोठ्याने वाचायचा, प्रत्येक भागावर लेनर्डने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, आणि ताटाखालच्या कागदावर यादी उतरवायची. उतरवलेल्या यादीवर चर्चा होत नसे. तिची पुढे तपासणीही होत नसे, कारण तपासणे म्हणजे मिस्टर एच यांच्या शब्दावर संशय घेणे. ज्या माणसाने त्यांना तपासायला शिकवले, त्याच्याच सन्मानार्थ त्यांनी तपासणे सोडून दिले होते. आणि त्या माणसाला हा सन्मान गोड लागत होता, हेही लपवण्यात अर्थ नाही.

शिवाय मऊपणाची या गावाला मुळातच शिसारी होती. पोलादाचा कारखाना बंद पडून पिढी लोटली, तरी ताठ ते चांगले आणि वाकते ते कमअस्सल, हा पोलादी सिद्धान्त त्यांनी जपून ठेवला होता. गाड्यांपासून मुलांपर्यंत तो सर्वत्र लागू होई.

वाचायला वेंडल मॅब्री होता. धंदा नळदुरुस्तीचा, पण आवाज धर्मोपदेशकाचा.

“खालचे आर्म, चौफेर बंद घडणीचे, लाल बुशांसकट. मिस्टर एच?”

“हो.”

“मागच्या बाजूचा अँटी-रोल बार, एक इंची?”

“हो.”

“शॉकअप, खालीवर जुळवता येणारे?”

“हो.”

“वरचे आर्म, चारही टोकांना लाल बुश,” असे म्हणून वेंडल उत्तराची वाट न पाहता पान उलटू लागला.

“नाही,” लेनर्ड म्हणाला. “वरती रबर.”

वेंडलचा अंगठा पानावरच राहिला. “रबर म्हणजे... रबर?”

“रबर म्हणजे रबर, वेंडल,” टेबलाच्या टोकाकडून रूथॲन व्हॉस म्हणाली. “टायर पाहिलायस ना कधी? त्याचंच चुलत भावंड.”

क्लबातली ती एकटीच बाई. ॲक्रनच्या एका रबर कारखान्यात तिने सव्वीस वर्षे बुशांच्या चाचण्या घेतल्या होत्या, म्हणजे या विषयावर त्या टेबलाशी बसलेल्या सर्वांना मिळून जे ज्ञान होते त्याहून अधिक तिला एकटीला होते. आणि म्हणूनच तिचे बोलणे विनोद म्हणून ऐकण्याचा प्रघात होता.

“रूथॲन, तुझ्या कारखान्याला टाळं लागून वीस वर्षं झाली,” वेंडल म्हणाला. “अजून कमिशन येतं का गं?”

“येतं ना. तुझी गाडी खड्ड्यातून गेली की तुझा चेहरा बघायला मिळतो, तेच माझं कमिशन.”

हशा झाला. त्या हशाच्या आडोशाने लेनर्डने तयार करून आणलेले वाक्य जिभेवर घेतले. वाक्य लहान होते. पण तेवढ्यात वेंडलचा चेहरा उजळला.

“अरे हो! आर्लीनसाठी! तिचा खुबा... धक्के सोसवायचे नाहीत तिला. म्हणून रबर.” त्याने सगळ्यांकडे पाहिले. “बघा, ह्याला म्हणतात माणूस. आपल्यापैकी एकाच्या तरी टाळक्यात आलं का हे?”

कोणाच्याच आले नव्हते. माना हलल्या, कोणीतरी लेनर्डच्या पाठीवर हात ठेवला, वेटरने न मागता कॉफी ओतली. अशा रीतीने सत्य सांगण्यापूर्वीच त्याला एक सोयीस्कर पोशाख चढवण्यात आला: रबर हे पंगू बायकांसाठी असते. डेलचा दोष डेलकडेच राहिला, लेनर्डचा शब्द लेनर्डकडे राहिला. फक्त एक वाक्य गिळायचे होते.

“ऑर्डर आजच द्या,” लेनर्ड म्हणाला.

बाहेर पार्किंगमध्ये ऑगस्टचे ऊन गाड्यांच्या रंगांवर पसरले होते. दुसऱ्या दिवशी क्लबची वार्षिक फेरी सरोवरापर्यंत जायची होती, म्हणून सर्वांनी गाड्या धुऊनपुसून आणल्या होत्या. रूथॲन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“अकरा,” ती म्हणाली.

“मोजता येतं मला.”

“अकरा गाड्यांत तुझे आठ-आठ लाल बुश. आणि उद्याचा रस्ता खाणीवरूनच जातो. हेही ठाऊक असेलच.”

“तुला कसं कळलं?”

“तू ‘रबर’ म्हणालास ना, तेव्हा तुझा आवाज दवाखान्यातल्यासारखा आला. माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट वाचला होता ना डॉक्टरनं, तस्सा.” तिने पर्समधून काळा चष्मा काढला, पण घातला नाही. “दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, खाली टणक घाला, वरती नको. तू काय म्हणाला होतास?”

“आठवत नाही.”

“खोटारड्या.”

“रबर म्हातारं होतं, म्हणालो होतो.”

“आणि सगळे खो खो हसले. मीही हसले, लेन. तुमच्या टेबलावर जागा टिकवायची तर हसावं लागतं. आर्लीनला भेटायला जाते तेव्हा ते हसू माझ्या मानगुटीवर बसलेलं असतं. तुझ्या मानगुटीवर काय बसलंय ते तुझं तू बघ.” ती निघाली आणि दोन पावलांवरून वळली. “रबर फाटतं ते काम केलं म्हणून. एवढं तरी तुमच्या शाळेत शिकवायला हवं होतं.”

त्या दुपारी डेल घराच्या ओसरीत बसला होता. लेनर्ड पायऱ्या चढला तसा तो उठून उभा राहिला. वर्गात शिक्षक आल्यावर उठावे तसा. आतून आर्लीनच्या वॉकरची टकटक ऐकू आली की त्याची मान त्या दिशेला वळे.

लेनर्डने बसण्यापूर्वीच सांगितले. ॲक्सल अडतो. बुश चुकीचे निवडले. मी निवडले. त्या वळणावर कोणीही असता तरी गाडी फिरलीच असती. वीस वर्षांचा पोरगा असता तरी.

शेवटी डेल हसला, आणि त्या हसण्याइतके भयंकर काही लेनर्डने त्या उन्हाळ्यात पाहिले नव्हते.

“मिस्टर एच, तुम्ही काही बदलणार नाही.”

“म्हणजे?”

“शाळेत लेथ मोडला होता मी. नवा कोरा. प्रिन्सिपलनं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, माझ्या हातून मोडला. मला काढूनच टाकणार होते हो तेव्हा.”

“तेव्हा खोटं बोललो होतो, डेल. आता नाही.”

“तेव्हाही अगदी असंच तोंड केलं होतंत तुम्ही.” डेलने स्वतःचे तळवे पुढे केले. बोटे किंचित थरथरत होती. “हे बघा. हे बुशांमुळे होतं का? पासष्टी जवळ आली की माणसाचे हात जातात. माझ्या बापाचे गेले होते. तुम्ही कशाला माझं ओझं घेता उगीच?”

लेनर्डला जे प्रायश्चित्त अपेक्षित होते त्यात शिव्या होत्या, कदाचित एखादा ठोसाही होता. आपल्यावर विश्वासच ठेवला जाणार नाही, ही शिक्षा त्याने कल्पिली नव्हती. चाळीस वर्षे त्याच्या चुकांना खरे मानणारे गाव आता त्याच्या खऱ्यालाच औदार्य मानून बाजूला ठेवत होते. प्रतिष्ठा ही अशी बेडी असते. घडवणारा स्वतःच लोहार असला तरी तुटत नाही.

“माझं ऐकू नकोस,” तो म्हणाला. “माझं ऐकूनच हे झालं. गराजमध्ये चल आणि स्वतः जॅक मार.”

“आर्लीन एकटी...”

“जा रे बाबा, जा!” आतून आर्लीनचा आवाज आला. “तासभर तरी ह्या घरात कुणी मला सॉरी म्हणणार नाही.”

गराजमध्ये डेलने जॅकचा दांडा धरला तेव्हा लेनर्ड मुद्दाम दूर, कामाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. डेलने डाव्या बाजूने उचलले; अडले. आपलेच चुकले असे समजून त्याने जॅक हलवून पुन्हा लावला, अडले. उजवीकडे गेला. तिसऱ्यांदा गाडीचे बूड घोड्यांवरून उचलले गेले तेव्हा तो थांबला.

लेनर्ड पुढे आला. वरचे दोन आर्म त्याने सोडवले, आणि गराजच्या कोपऱ्यातून कारखान्याच्या काळचे, रबर अजून शाबूत असलेले जुने आर्म आणून त्यांच्या जागी चढवले. अर्धा तास गेला. मग त्याने जॅकचा दांडा पुन्हा डेलच्या हातात दिला.

ॲक्सलचे डावे टोक वर आले, आणि येतच राहिले. उजवे खाली गेले. कुठे कुरकुर नाही, कुठे हिसका नाही. डेलने ते उतरवले. पुन्हा उचलले. पुन्हा उतरवले. किती वेळा ते कोणी मोजले नाही. मग तो सिमेंटच्या जमिनीवर, चाकाला टेकून बसला.

त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचे चिन्ह लेनर्डने शोधले. नव्हते.

“कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“आज शनिवार.”

“हो.”

“आज सकाळी वाचन होतं.”

“हो.”

“तिथं सांगितलंत?”

लेनर्डने मान हलवली, नाही अशी.

डेल समोरच्या भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे पाहत म्हणाला, “रोज सकाळी तिला उठवताना मी माफी मागतो. ती नको म्हणते, तरी मागतो. तुम्ही रविवारी येऊन बसायचात, मिस्टर एच. ॲपल-पाय खायचात. माझी माफी ऐकायचात.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं, डेल.”

“गाडी तुमच्याकडेच होती ना?” त्याचा स्वर चढला नाही. “तीन महिने तुमच्याच दारात होती. ताडपत्री काढली असतीत तर कळलं असतं.”

ताडपत्रीला हात न लावण्याचे कारण लेनर्डला मे महिन्यापासून, शब्दांत न उतरू देता, माहीत होते. ते त्याने आता उच्चारले. “मला बघायचं नव्हतं.”

डेलने मान डोलावली. एखाद्या भागाचा क्रमांक बरोबर निघाल्यावर डोलवावी तशी. मग तो विचारू लागला. किती गाड्या? अकरा. सगळ्यांना आठही? आठही. उद्या किती वाजता निघतायत? नऊला.

“वेंडलची नात बसते त्याच्या शेजारी,” डेल म्हणाला. “उशी घेऊन बसते, बाहेरचं दिसावं म्हणून. फोन लावा.”

“तूसुद्धा आधी खरं मानलं नाहीस. विश्वास नाही ठेवणार ते. मोठेपणा करतोय म्हणतील.”

“मग परत सांगा. मला तीनदा जॅक मारावा लागला.”

लेनर्डने फोन उचलला. वेंडल मजेत होता. मागे रेडिओ चालू होता, आणि गाडीवर मेण चोळत असल्याचे त्याने आपण होऊन सांगितले.

“वेंडल, उद्या गाडी बाहेर काढू नकोस. वरचे बुश बदलावे लागतील.”

“का हो? माझ्याही कंबरड्याची काळजी लागली वाटतं तुम्हाला?”

“बुश चुकीचे आहेत. ॲक्सल अडतो. डेलची गाडी त्यामुळेच फिरली. डेलमुळे नाही.”

“मिस्टर एच,” वेंडलचा आवाज हळवा झाला, “डेल तिथंच बसलाय ना? कळलं मला. फार चांगलं करताय तुम्ही.”

“डेल बसलाय, आणि त्याच्यासाठी मी काही करत नाहीये. नीट ऐक. मी निवडले, मी तपासले नाहीत, आणि आज सकाळी तुम्हा सगळ्यांसमोर मी गप्प बसलो. आर्लीनच्या खुब्याचं तू बोललास ते मी चालवून घेतलं. तुझी गाडी त्या वळणावर तशीच फिरेल.”

रेडिओ बंद झाला.

“तुम्ही आमच्यासमोर बसून कॉफी पीत होतात,” वेंडल म्हणाला. यावेळी आवाजात ना विनोद होता ना उपदेश.

“हो.”

“माझी नात बसते त्या गाडीत.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत होतं!” आणि फोन कट झाला.

लेनर्डने मागे वळून पाहिले. चाकाशेजारी कोणी नव्हते. गराजच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या रस्त्यावर डेल पायीच घराकडे निघाला होता. येणाऱ्या गाड्यांना सामोरा, कडेच्या खडीवरून. घर दोन मैलांवर होते. त्याला हाक मारावी, ट्रकने सोडतो म्हणावे, हे लेनर्डच्या मनात आले आणि तिथेच विरले. दहा नंबर उरले होते.

पुढच्या घरी फोन बायकोने उचलला. “मिस्टर एच! बरं झालं तुम्हीच केलात. उद्या सँडविचेस किती जणांची करू?”

“नवऱ्याला बोलाव,” तो म्हणाला. “आणि तू जाऊ नकोस. तूही ऐक.”